पॅन की पाइप?

फणसळकर भेटले की नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट विचारतात, "पॅन की पाइप?"

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की वॉचमन त्यांना आधी पाण्याची वेळ सांगतो आणि मग फणसळकरांपासून सांभाळून राहायला सांगतो. पाइप म्हणालात तर अर्धा तास गेला. पॅन म्हणालात तर संध्याकाळ गेली. "माहीत नाही" म्हणालात तर मेलातच. मग ते खिशातून खडू काढतात आणि पार्किंगच्या फरशीवर उकिडवे बसून चित्र काढतात.

मी सातवीत शाळा सोडलेली. आयुष्य गोदामात पोती उचलण्यात गेलं. पण त्या खडूच्या कृपेने आज मला गिअरबॉक्सचं पोट आतून पाठ आहे. तुम्हालाही सांगतो, मी एकट्यानेच का भोगायचं?

फणसळकरांची गाडी जुनी, पण आपोआप गिअर बदलणारी. तिच्या गिअरबॉक्समध्ये लाल तेल असतं, कुंकू कालवल्यासारखं. ते फार तापलं की गिअरबॉक्स बसतो. म्हणून तेल किती तापलंय ते सांगणारा सेन्सर लावायचा. आता कुठे लावायचा? खाली तेल साठतं ते पॅन, परात म्हणा हवं तर, तिथे लावा. नाहीतर तापलेलं तेल गार व्हायला ज्या पाइपातून बाहेर जातं तिथे लावा. नाहीतर गार होऊन परत येतं त्या पाइपात लावा. संपलं. बायका यापेक्षा कमी वेळात साडी निवडतात. फणसळकरांनी वर्ष घेतलं.

"परतीचा पाइप लबाड, जाधव," ते म्हणायचे. "तो गार होऊन आलेला. सगळं उत्तम आहे म्हणणार. जाणारा पाइप खरं बोलतो, पण उतावळा. जरा चढ लागला की बोंबलतो. पॅन शांत. पण पॅनला कळेपर्यंत उशीर होतो."

"म्हणजे पॅन सरकारी नोकरीत आहे."

"चेष्टा नको. मोजलं नाही तर कळणार कसं?"

हे त्यांचं पालुपद. चहात थर्मामीटर बुडवल्याशिवाय हा माणूस कप तोंडाला लावत नाही. वॉचमनला ताप आला तर औषध देणार नाहीत, पण सकाळ-दुपार काखेत थर्मामीटर लावून आकडा मोठ्याने वाचून दाखवतील. विमा कचेरीत मोठे साहेब होते म्हणे. लग्न केलं नाही. कुठे मुलगी बघायला गेले असतील, तर पोह्यांची बशी हातात घेऊन तिच्या बापालाही विचारलं असेल, पॅन की पाइप.

हे खूळ कधी शिरलं ते मला माहीत आहे. सांगून टाकतो, लपवाछपवी मला जमत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या मंडळींना, इंदूला, भर दुपारी छातीत दुखायला लागलं. फणसळकर जेवायला बसत होते. ताट तसंच ठेवून त्यांनी गाडी काढली. माजिवड्याला पुलाखाली ही तुंबलेली रांग. थांबत, सरकत, थांबत गाडी जी तापली ती तिथेच बसली. खाली लाल तेल सांडलं. फणसळकर नुसते त्या तेलाकडे बघत राहिले. इंदूला श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाली, "भावोजी, आधी गाडीलाच ॲडमिट करा." आम्ही रिक्षा पकडून पुढे गेलो. दोनेक दिवसांनी इंदू गेली.

डॉक्टर म्हणाले, तो अर्धा तास वाचला असता तरी काही फरक पडला नसता. मी ते फणसळकरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस खडू घेऊन पार्किंगमध्ये.

गाडी दुरुस्त झाली, पण गेटाबाहेर जाईना. रोज संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेऱ्या. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी पाण्याच्या टाकीला. मी म्हणायचो, "फणसळकर, टाकी पावली तर माझ्यासाठी पण दोन वेळचं पाणी मागा."

यंदा वर्षश्राद्ध डोंबिवलीला मुलीकडे ठरलं. मी म्हटलं, बसने जाईन. फणसळकर म्हणाले, "मी नेणार."

"टाकीभोवती फिरून डोंबिवली येत नाही."

"सेन्सर बसवतो. त्याच गाडीतून नेणार. नाहीतर गाडी भंगारात देईन आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही." आवाज असा की मी पुढचा टोमणा गिळला. मला कठीण जातं ते.

शेवटी जाणारा पाइप जिंकला. सेन्सर दसऱ्याच्या आधी आलेला. मग काय, दसऱ्याला त्याची पूजा! पाटावर पोथी, पक्कड आणि मधोमध बोटाएवढा सेन्सर. ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता, झेंडूचं फूल. चांगला वाळेपर्यंत तसाच ठेवला, आणि तसाच मेकॅनिक बंटीच्या हातात दिला. त्यानेही बघितलं नाही, बसवला. गाडी सुरू केली. बॉनेटवर पापड भाजेल एवढी तापली, पण तेलाचा ताप दाखवणारा काटा हलेना.

बंटीने सेन्सर काढला, नखाने खरवडला. "काका, याला काय लावलंय?"

"हळदकुंकू."

"आट्यांत पॅक भरलंय! लोखंडाला टेकलाच नाही तर करंट फिरणार कसा, काटा हलणार कसा? आणि हा तांदूळ?"

"अक्षता."

"काका, सेन्सर बसवायचाय की त्याचं लग्न लावायचंय?"

मी इतका हसलो की खोकला आला. इंदू गेल्यावर पहिल्यांदा हसलो असेन. फणसळकर ओशाळून घासलेटच्या फडक्याने कुंकू पुसत बसले.

श्राद्धाच्या सकाळी गाडीत बसलो तर काटा माझ्या समोर. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटसमोर लावलेला.

"हे काय? मला कशाला?"

"मी रस्ता बघणार. मागच्या वेळी रस्ता बघता बघता गाडीकडे बघायचं राहिलं. बाजूला माणूस हवा."

म्हणजे या वयात नोकरी लागली मला, बिनपगारी. बरं, काशेळी-भिवंडीवरून सरळ जायचं, तर यांनी गाडी माजिवड्याकडे वळवली. पुलाखाली आलो, तीच रांग, तेच थांबत सरकत.

"किती?"

"हिरव्यात."

"नीट बघा."

"हिरवा रंग मला सातवीपर्यंत शिकवलाय."

पूल मागे पडला तशी त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. हात स्टिअरिंगवरच. नजर आरशात, मागच्या पुलावर.

"अहो, डॉक्टर म्हणालेत ना, फरक पडला नसता. किती वेळा सांगू?"

"ते परतीच्या पाइपाचं झालं, जाधव," ते म्हणाले. "गार करून माझ्यापर्यंत आणलेलं."

वर्षभर मी या माणसाची टिंगल केली, आणि तो वर्षभर पुलाखालीच उभा होता.

इंदूचं शेवटचं धड वाक्य मी कुणाला दिलं नव्हतं. मुलीलाही नाही. तेवढं एक माझं म्हणून ठेवलेलं. ते काढलं.

"रिक्षातून ती मागे वळून बघत होती," मी म्हटलं. "म्हणाली, भावोजी ताटावरून उठून आलेत हो. उन्हात एकटेच राहिले. बिस्किटाचा पुडा तरी हातात द्यायचा होता." मी त्यांच्याकडे वळलो. "हे गार केलेलं नाही. घ्या."

फणसळकरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "काटा किती आहे?"

"गाडी बंद आहे, फणसळकर."

"हो का," म्हणाले, आणि सुरू केली.

डोंबिवलीला श्राद्ध नीट पार पडलं. फणसळकरांनी खिरीत थर्मामीटर बुडवला नाही. निघताना मी मुलीकडून बिस्किटाचा पुडा मागून घेतला.

"आत्ताच जेवलात ना बाबा?"

"मला नाही."

परत येताना पुन्हा माजिवड्याची रांग. फणसळकर एका हाताने बिस्किटं खात होते, चुरा सगळा शर्टावर. मी काट्यावरची नजर हलवली नाही.