शेवटची एकच पिशवी

सविताच्या दुकानाला डोकं असावं की नसावं, यावर घरात तीन संध्याकाळी वाद झाला. दुकान अजून उघडायचं होतं, पण वाद मात्र जोरात चालू होता.

"वैनी, हेडलेसच घ्यायचं," धाकटा दीर संदेश म्हणाला. तो हिंजवडीला कंप्युटरवर काम करायचा आणि गावी बेडशाला येताना दर वेळी एखादी नवी कल्पना घेऊन यायचा. "तयार ऑनलाइन दुकानाला दार एकच. ह्यात मागं कोठार एक आणि पुढं दारं पाहिजे तेवढी. वेबसाइट, फोनवरचं अ‍ॅप, शिवाय शिरगावला नंदाबाईंच्या प्रसादाच्या दुकानात एक स्क्रीन. तांदूळ किती शिल्लक आहे ते कोठारात एकदाच लिहायचं. सगळ्या दारांवर आपोआप दिसतं."

"बिनमुंडक्याचं काय घरात आणू नगा," सासूबाई कस्तुराबाई चुलीपुढून म्हणाल्या.

सविताला मात्र जेवढी दारं मिळतील तेवढी हवीच होती. सासरे मारुतीआबांनी तिला आधीच बजावलं होतं, "सकरातीला प्रितमशेठ माल उचलाय टेम्पो घिऊन यील. तवर इकशील तेवढा इंद्रायणी तांदूळ तुजा, उरंल तो शेठचा. आन लय उरला, तर पुढच्या सालापासनं ह्ये याड बंद!" आबा बोलले की बोलले. तेव्हा तिने देवाचं नाव घेऊन हेडलेसवर बोट ठेवलं.

कणगीच्या खोलीची किल्ली कस्तुराबाईंच्या कमरेला असल्यामुळे कोठारही त्यांच्याकडेच गेलं. संदेशने त्यांना टॅबलेटवर दोन बटणं शिकवली, एक वाढवायचं आणि एक कमी करायचं. त्यांनी टॅबलेटला हळदकुंकू लावलं आणि तो कणगीशेजारच्या कोनाड्यात उभा केला.

सुरुवातीला बेताने वीस पिशव्या विकायला ठेवल्या. त्या संदेशच्या मित्रांनीच उचलल्या. सविता मोठ्या आनंदात कणगीजवळ आली, तर कस्तुराबाई टॅबलेटकडे भूत पाहिल्यासारख्या बघत होत्या.

"सविते, ह्ये काय? शून्य?"

"आत्या, विकून झाल्या सगळ्या."

"कणगी भरल्याली आन तांदूळ शून्य? आगं, माज्या सासूनं दुष्काळातबी कणगीच्या तळाशी मूठभर ठिवला व्हता!" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. शून्याचा एक झाला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

आता संदेशने दारं सजवताना एक हुशारी करून ठेवली होती. शिल्लक एकवर आली की लाल अक्षरांत यायचं, 'शेवटची एकच पिशवी! त्वरा करा!' पुण्यातल्या एका बाईंनी ते वाचलं आणि त्वरा केली. टॅबलेट टिंग वाजला, शून्य झालं. कस्तुराबाईंनी एक केला. पुन्हा कुणीतरी त्वरा केली. माउली जेवणखाण विसरून कोनाड्यापुढे बसली आणि शून्य दिसलं की एक करत राहिली. तांदूळ मोजणं तर सोडाच, त्यांनी कणगीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुपारपर्यंत पिशव्या भरून भरून सविताचे हात दुखायला लागले, पण तिला ते दुखणंही गोड वाटत होतं. मग तिने कणगीत वाकून पाहिलं आणि ऑर्डरींची यादी पुन्हा मोजली. आलेल्या ऑर्डरी तांदळापेक्षा कितीतरी जास्त होत्या.

तिने संदेशला फोन लावला. "भावजी, बंद करा दुकान!"

"वेबसाइट केली बंद."

टिंग.

"अ‍ॅप पण केलं."

टिंग.

"शिरगावची स्क्रीन असणार. ती हितनं न्हाई बंद व्हायची, वैनी."

गुरुवार होता, शिरगावच्या साईबाबांच्या देवळात गर्दी. सविताने नंदाबाईंना फोन लावला. "मावशी, ती स्क्रीन बंद करा!"

"कशी करू गं बाय? शेवटच्या पिशवीवरनं दोघीजणी झिंज्या धराय निघाल्यात! आन तिसरी म्हणती, मी आधी व्हते!"

सविता कोनाड्याकडे धावली. "आत्या, तुमच्या पाया पडते, शून्य राहू द्या!"

"माज्या जित्तेपणी न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. पण सुनेच्या डोळ्यांत पाणी दिसताच त्या उठल्या, ओट्यावर गेल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली. "आगं ए, शेठसाठी ठिवल्याला इंद्रायणी हिकडं आना! सविताच्या दरानं पैसं मिळत्याल!"

तास दीड तासात भावकीतल्या बाया डोक्यावर पोती घेऊन हजर झाल्या. तांदूळ सगळ्यांचा एकाच जातीचा, एकाच पाटाचं पाणी प्यालेला. सविताने चाखून, निवडून घेतला. एकही ऑर्डर मागे राहिली नाही, आणि त्या संध्याकाळी तिला इतकं समाधान वाटलं की जेवायचंही भान राहिलं नाही.

संदेशने दारं पुन्हा उघडली आणि आळीत उरलेला तांदूळही त्यांतूनच गेला. संक्रांतीला प्रितमशेठचा टेम्पो आळीभर फिरून रिकामाच आबांच्या अंगणात आला.

"आबा, माल कुटंय? कुणाच्याच घरी दाणा न्हाई!"

"हाय की. एक पिशवी हाय," आबा मिशीत हसत म्हणाले. "पर फोनवरनं घ्या. रीतीनं."

शेठचं पुण्यातलं एक गिऱ्हाईक बेडशाच्याच तांदळासाठी अडून बसलेलं. शेठने निमूटपणे फोन काढला. टिंग. शून्य.

कस्तुराबाईंचं बोट सवयीने पुढे गेलं, पण आबांनी त्यांचा हात हळूच बाजूला सारला. चष्मा नाकावर ओढून ते बराच वेळ बटण दाबत राहिले. मग टॅबलेट सुनेच्या हातात देऊन, कुणाकडेही न बघता, बैलांना वैरण टाकायला निघून गेले.

सविताने पाहिलं. शिल्लक दोनशे.

तेवढ्यात संदेशचा फोन आला. "वैनी, दोनशे पिशव्या आल्या कुठनं?"

सविताला हसू आवरेना.

"आल्या न्हाईत अजून, भावजी," ती म्हणाली. "पेरायच्यात."