नवारंभाचे अधिकृत व्याख्याते

पन्नाशीत आयुष्य नव्याने सुरू करता येतं, याबद्दल विद्वानांत आता मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो कोणत्या वारापासून, एवढ्यापुरताच. वैजनाथ कांबळे यांनी सोमवार पक्का केला होता. कोणता सोमवार, हे मात्र त्यांनी मोकळं ठेवलं होतं.

चिंचवडच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या वाइंडिंग खात्यात उभं आयुष्य काढल्यावर त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. (यातली स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती त्यांची.) वाघोलीत घर झालं होतं आणि पत्नी सत्यशीलाताई दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणजे चूल पेटती होती. वैजनाथरावांनी कोपऱ्यावर एक गाळा घेतला. पाण्याचे पंप आणि पंखे दुरुस्त करायचे असा बेत होता, आणि बेत चांगला होता. वाघोलीत तेव्हा जिकडेतिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि टँकरचं गढूळ पाणी ओढून त्यांचे पंप जळत होते. हातात कसब होतं, गिऱ्हाईक दारात होतं, शटरला तेल घातलेलं होतं. उद्घाटन तेवढं राहिलं होतं.

नेमका त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचा अनिरुद्ध अमेरिकेहून परतला. संगणक कंपनीने पाठवलेली मुलं तेव्हा परत येताना काही ना काही घेऊन येत; हा सिनेमा काढायची इच्छा घेऊन आला. (शेजारच्या विंगमधल्या एकाने पाव भाजायचं यंत्र आणलं. त्याचा त्रास कमी झाला.) "काका, तुमची स्टोरी एकदम रिअल आहे," तो म्हणाला. "फक्त एंड नाहीये. तो मी टाकतो."

सिनेमा गंभीर होता. पूर्वार्धात नोकरी गेलेला नायक गॅलरीत बसून राहतो, उत्तरार्धात दुकान काढतो. भूमिकेसाठी वैजनाथरावांची रीतसर चाचणी झाली. पण ते पन्नाशीचे वाटत नाहीत, नुसते दमलेले वाटतात, या कारणास्तव एका बत्तीस वर्षांच्या तरुणाचे केस पांढरे करण्यात आले. शेवटी तो पहाटेच्या उजेडात गाळ्याचं शटर उचलतो, मागे व्हायोलिन वाजतं आणि पडद्यावर अक्षरं येतात: सत्य घटनेवर आधारित. पहिल्या खेळाला वैजनाथराव ढसाढसा रडले. घरी आले ते अगदी हलके होऊन, मोठं काम एकदाचं हातावेगळं केल्यासारखे. पडद्यावर शटर इतकं सुरेख उघडलं होतं की कोपऱ्यावरचं उघडायची निकडच उरली नाही.

चित्रपटगृहात सिनेमा आठवडाभर चालला (शेवटचे दोन दिवस तो चालला की नाही, हे पाहायला कोणी नव्हतं). पण नारायण पेठेतल्या प्रौढ नवारंभ मंडळाने तो उचलून धरला. मंडळाच्या अध्यक्षा मथुराबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी कार्यपद्धती आखून दिली. आधी सिनेमा, मग सत्य घटनेचं, म्हणजे वैजनाथरावांचं व्याख्यान, शाल, श्रीफळ, शंकासमाधान, कॉफी. 'शंका शंकेएवढीच असावी, आत्मचरित्र सांगू नये' असं फळ्यावर लिहिलेलं असे आणि ते कोणी पाळत नसे. मंडळाच्या पाहणीनुसार नव्वद टक्के श्रोत्यांनी आयुष्य नव्याने सुरू करण्याचा निर्धार केला. उरलेल्या दहा टक्क्यांना ऐकू कमी येत होतं. निर्धार केलेले सगळेच्या सगळे पुढच्या महिन्यात पुन्हा निर्धार करायला हजर होते.

वैजनाथराव बोलत छान. पहिलं गिऱ्हाईक, पहिली कमाई घेताना थरथरलेली बोटं, सगळं सांगत. आपण खोटं बोलतो आहोत असं त्यांना वाटत नसे, कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच ते सांगत होते. शाली घरात मावेनात, म्हणून नारळांसकट मागच्या खिडकीतून गाळ्यात टाकल्या. मध्यंतरी त्यांच्याच इमारतीचा पंप जळाला. वैजनाथराव व्याख्यानाला गेले होते, म्हणून पंप टेम्पोत घालून लोणी काळभोरला पाठवावा लागला. सत्यशीलाताईंनी खालून बादल्या वाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, लोणीच्या त्या माणसालाही तुमच्या मंडळात घ्या. त्याचंही दुकान बंद होईल."

आणि मग, ज्याची मंडळाच्या घटनेत तरतूदच नव्हती, ते घडलं. एका श्रोत्याने ऐकलेलं मनावर घेतलं. संपतराव, एका बँकेतले कारकून, यांनी मथुराबाईंना फोन करून कळवलं की ते नोकरी सोडून दुकान काढत आहेत. तातडीची सभा भरली. आपल्याकडे व्याख्यानं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत, पण त्याप्रमाणे वागण्याचा प्रकार कोणाच्या ऐकिवात नव्हता. होणाऱ्या परिणामांना वक्ता जबाबदार राहील, असा ठराव एकमताने संमत झाला.

वैजनाथरावांनी संपतरावांच्या घरची चौकशी केली. संपतरावांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, मुलगा अजून शिकत होता, आणि आपल्या थापांवर हा माणूस हातची नोकरी सोडून निघाला होता. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून ते फोनपाशी जात आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देत. रविवारी संपतराव स्वतःच दारात उभे राहिले. दुकान बघायचंय म्हणाले.

नाइलाज झाला. शटर गंजलं होतं. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा ते गुडघ्याइतकं वर आलं. वाकून पाहिलं तर आत शालींचे गठ्ठे, नारळांची रास आणि भिंतीशी खोक्यातून बाहेर न काढलेलं वाइंडिंगचं यंत्र. वैजनाथरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "राजीनामा परत घेता येत असेल तर उद्याच घ्या. मी येतो बरोबर. माझी चूक आहे, मीच सांगतो साहेबांना."

संपतरावांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली. "राजीनामा कुठे दिलाय? रजा टाकलीय. म्हटलं, आधी तुमचं कसं चाललंय ते बघू."

वैजनाथरावांना हायसं वाटलं. मग वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. कारण इतक्या दिवसांच्या धास्तीत एक चोरटा आनंदही होता, की आपलं ऐकून निदान एकाने तरी सुरुवात केली. तोही गेला. मग दोघांनी मिळून शटर खाली ओढलं आणि चहा प्यायला गेले.

ही वार्ता कळताच मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि 'नोकरी सोडताना' या विषयावर संपतरावांचीही नेमणूक केली. आता दोघांचं जोडव्याख्यान असतं. प्रवेश सर्वांना खुला आहे. मात्र पहिल्या दोन रांगा, असली माणसं कशी असतात म्हणून हे वाचताना हसलेल्या आणि स्वतःचं ते एक काम दिवाळीनंतर हाती घेणार असलेल्या वाचकांसाठी राखून ठेवल्या आहेत.