तीनशे सतरा मोटारी माघारी बोलाविल्या त्याची हकीकत

श्री. चाकास गती देणारा आणि गतीस आवर घालणारा जो एक परमेश्वर, त्यास नमन करोन स्वामींचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे: आपण आज्ञा केली की, दर्यापार मोठ्या गोड्या सरोवरांचे काठी जे मोटारींचे राज्य आहे, त्यावर शके अठराशे बावन्न प्रमोदनाम संवत्सरी जो प्रसंग गुदरला तो कैसा गुदरला आणि त्यातोन राज्य कैसे निभावले, हे साद्यंत ल्याहावे. त्यास जाणत्यांचे तोंडून जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

या राज्याचे मूळपुरुष एझ्रासाहेब. हे पूर्वी नांगर आणि घोडागाड्या करीत. शके अठराशे सव्वीस क्रोधीनाम संवत्सरी त्यांचे मनात आले की घोड्यावाचोन चालेल ऐसी गाडी करावी, आणि मग गवताचे कोठारात भट्टी लाविली आणि माणसे ठेविली. त्यांत इंगवल्ड नामे लोहार होता, मूळचा नॉर्वे देशीचा, आगबोटीने पोट भरावयास आलेला, वय सव्वीस, बोलणे थोडे आणि हात मोठे. त्याने पहिल्या मोटारीचा आस ठोकिला. मोटार सिद्ध जाहली, फटफटाट करीत कोठाराबाहेर निघाली, गावची कोंबडी दाही दिशा पळाली, आणि एझ्रासाहेब टोपी उडवोन नाचो लागले, तो इंगवल्ड मागोन बोलिला, "धनी, चालते खरी, पण थांबेल कशी?" साहेब तसेच उभे राहिले, इतक्यात मोटार समोरच्या कुंपणात शिरोन आपोआप थांबली, आणि मग साहेब हसोन बोलिले, "ते तू पाहा." तेच दिवसापासोन ब्रेकखाना इंगवल्डाचे स्वाधीन जाहला, आणि शिक्का करोन दिला, आणि नेम केला की त्याचा शिक्का उमटल्यावाचोन एकही मोटार वेशीबाहेर जाऊ नये.

मग राज्य वाढले. पहिली मोटार दांडा फिरवोन सुरू करावी लागे, आणि दांडा उलटा फिरला तर मनगट मोडे. दुसरीस छप्पर आले. तिसरी बटण दाबिता सुरू होई, आणि ती ऐसी हलकी आणि चिवट की चिखलात रुतली तर दोघांनी उचलोन काढावी. शेतकरी शनिवारी तीत डुकरे घालोन बाजारास नेत आणि रविवारी तीच धुवोन बायकामुलांसह प्रार्थनेस जात. ऐसी सोळा वर्षे तिसऱ्या मोटारीने राज्य चालविले, आणि सहा हजार माणूस कारखान्यात भाकर खाऊ लागले. इंगवल्डाने लग्न केले, सिग्रिडबाई नामे स्त्री केली, घर बांधिले, आणि धन्याचे आणि त्याचे केस बरोबरच पांढरे जाहले.

परंतु काळ सदा सारखा नसतो. शेजारच्या राज्याने नवी मोटार काढिली, रंगीत, लांब, वाऱ्यासारखी पळणारी, आणि लोक तिकडे वळले. आणि तशात अवघ्या मुलखात मंदी पडली. एझ्रासाहेब सत्तरी ओलांडोन घरी बसले होते. कारभार मर्व्हिन दिवाण पाहात. दिवाण वाईट मनुष्य नव्हते, परंतु घाबरलेला मनुष्य वाईटाहून फार दूर नसतो. त्यांनी चौथी मोटार सिद्ध करविली, सहा सिलिंडरांची, जड, देखणी, आत मखमलीची बैठक. इंगवल्डाने पाहिली आणि बोलिला, "दिवाणसाहेब, अंग वाढले पण ब्रेक जुन्या हलक्या मोटारीचेच आहेत. मी मोठे ब्रेक करीतच आहे, चार महिने द्यावे." दिवाण बोलिले, "मिस्तरी, चार महिने कोठोन आणू? नाताळापूर्वी ही मोटार बाजारात न गेली तर वसंतात दरवाज्यास कुलूप लागेल. सहा हजार चुली विझतील. त्या लोकांना तुम्ही सांगाल काय?" मग मोटार कारखान्याचे सपाट मैदानावर चालवोन दाखविली, आणि ती नीट थांबली, दहा वेळ थांबली. इंगवल्डाने बाहेर पाहिले, तो पाळी संपवोन माणसे डबे हातात घेऊन चालली होती, आणि त्यांतील बहुतेकांची लेकरे त्याने पाळण्यात पाहिली होती. त्याने शिक्का उचलिला आणि मारिला. ऐशा तीनशे सतरा मोटारी आश्विन मासी गावोगावी रवाना जाहल्या.

शिक्का मारिला, परंतु इंगवल्डाचे जेवण तुटले. सिग्रिडबाई पुसत, "काय जाहले?" तो म्हणे, "काही नाही." मग एका रविवारी सकाळी बाईचे बहिणीस भेटावयाचे निमित्त करोन त्याने नव्या मोटारींतील एक मागोन घेतली आणि दोघे निघाली. बहिणीचे गाव टेकड्यांपलीकडे होते. चढ सुखरूप चढले. उतार लागला, लांबच लांब, वळणावळणाचा, आणि इंगवल्ड ब्रेक दाबीत चालिला. अर्धा कोस बरे गेले, मग जळक्या चामड्यासारखा वास आला, मग पाय दाबावा तो पायाखाली काहीच नाही, जैसे लोण्यात पाय घातला. गियर खाली घालो पाहिला, तो दात खाऊन उडाला. मोटार सुटली. सिग्रिडबाईंची टोपी वाऱ्याने गेली, बाईंनी दोही हातांनी दार धरिले, आणि समोर वळण, आणि वळणाखाली दरी. इंगवल्डाने दरीकडील वाट सोडोन चाक डावीकडे फिरविले, कुंपण मोडिले, आणि मोटार कापणी जाहलेल्या मक्याचे शेतात कडब्याच्या तीन गंजी उडवीत चवथीत घुसोन उभी राहिली. दोघेही सुखरूप. इंगवल्डाचे कपाळास खोक पडली तेवढीच. बाई केसांतोन कडबा काढीत बसल्या, आणि मग बोलल्या, "यावर शिक्का तुमचाच ना?" तो बोलिला, "माझाच." बाई बोलल्या, "आणखी किती आहेत ऐशा?" त्याने सांगितले. मग बाई म्हणाल्या, "तर येथे का बसलात? उठा."

तो उठला तो नीट एझ्रासाहेबांचे घरी गेला, अंगावर कडबा तैसाच, कपाळास रुमाल बांधिलेला. साहेब फराळास बसले होते. वर्तमान कळोन दिवाणही धावत आले. इंगवल्डाने सारे सांगितले, काही लपविले नाही, आणि शिक्का काढोन मेजावर ठेविला. दिवाण बोलिले, "धनी, घात होईल! मोटारी माघारी बोलाविल्या म्हणजे आपल्याच तोंडाने सांगणे की आमची मोटार माणूस मारिते. शेजारी दवंडी पिटतील. गुपचूप वसंतापर्यंत थांबू, मग एकेक करोन ब्रेक बदलू. आजपर्यंत कोठे काय जाहले आहे?" इंगवल्ड बोलिला, "जाहले नाही, कारण लोक अजून सपाटीवर आहेत. बर्फ वितळले की घाट सुरू होतील." एझ्रासाहेबांनी हातातला चमचा खाली ठेविला आणि पुसिले, "इंगवल्डा, तुला ठाऊक होते?" इंगवल्डाचे डोळ्यांस पाणी आले. बोलिला, "ठाऊक नव्हते ऐसे कसे म्हणू, धनी? संशय होता. संशय असता शिक्का मारिला." साहेब उठले, खिडकीशी गेले, पाठमोरे उभे राहिले. मग बोलिले, "मर्व्हिन, राज्य मी कोठारात उभे केले. बुडाले तर पुन्हा कोठार आहेच. पण एक मनुष्य दरीत गेला तर तो कोठून आणावा? सगळ्या माघारी बोलवा. वर्तमानपत्रात माझे नावे छापा, मोठ्या अक्षरांत." आणि इंगवल्डाकडे वळोन बोलिले, "शिक्का उचल. टाकोन पळायचे नाही. शेवटची मोटार दारात उभी राहीतो हा तुझ्याचपाशी राहील."

मग मोठी धावपळ जाहली. तारा सुटल्या, स्वार सुटले, आगगाडीने माणसे चहूकडे गेली, आणि ज्यास जेथे मोटार सापडली त्याने तेथेच ती उभी करविली आणि मालकास जुनी तिसरी मोटार बदली देऊन नवी घेऊन आला. कोणी शिव्या दिल्या, कोणी कॉफी पाजिली. एक पाद्री म्हणाला की प्रवचनास उशीर होईल, नेऊ नका. तर त्याचे प्रवचन संपेतो मोटार न्यावयास गेलेला मनुष्य बाकावर बसला. शेजारच्या राज्याने दवंडी पिटली ती पिटलीच. इंगवल्ड वेशीवर यादी घेऊन उभा राही आणि मोटार आत आली की नावापुढे रेघ मारी. मार्गशीर्ष सरता तीनशे सोळा आल्या. एक राहिली. तिचे नावापुढे लिहिले होते की पश्चिमेच्या डोंगरात, घाटमाथ्यावरील गावी, क्लेटस नामे टपालवाला, रोज टपाल आणि उतारू घेऊन घाट उतरतो. तारेस उत्तर नाही; बर्फाने तारेचे खांब पाडिले होते. यादी वाचोन इंगवल्डाने ती घडी करोन खिशात घातली आणि प्रवासाची पिशवी मागविली. दिवाण तेथेच होते; त्यांनी आपला लोकरी कोट काढोन त्याचे खांद्यावर घातला.

तीन दिवस आगगाडी आणि एक दिवस खेचर, ऐसा प्रवास करोन इंगवल्ड दोन प्रहरी घाटमाथ्यावर पोचला. वाटेत प्रत्येक वळणावर तो खाली वाकोन दरीत पाही, आणि कोठे काळे काही दिसले की जवळ जाऊन पाही, तो खडक असे. टपालघरात एक म्हातारा शेकत बसला होता. इंगवल्डाने पुसिले, "क्लेटस कोठे?" म्हातारा म्हणाला, "सकाळी घाट उतरला. परतायला हवा होता, अजून आला नाही." इंगवल्ड मटकन बाकावर बसला. म्हातारा बोलिला, "अहो, पाहुणे, पांढरेफटक का पडलात? खेचर म्हातारे आहे त्याचे, उशीर व्हायचाच." इंगवल्ड ओरडला, "खेचर? आणि मोटार?" म्हातारा हसो लागला. म्हणाला, "मोटार! पहिल्याच दिवशी पहिल्या वळणापाशी पोचला, खाली डोकावला, आणि अर्धा कोस उलटी, मागे मागे चढवीत घरी आणली. वळवायचीही छाती जाहली नाही. सारे गाव पाहायला जमले होते. बहिणीला देऊन टाकिली. वाफ दिसते ना ती, तिथे जा."

इंगवल्ड बर्फातोन धावतच गेला. वाफ एका छपरीतोन निघत होती. आत टॅबिथाबाई, टपालवाल्याची विधवा बहीण, बाह्या सारोन कपडे धूत होत्या, आणि त्यांचे पाठीमागे तीनशे सतरावी मोटार ओंडक्यांवर चढवोन ठेविली होती, चाके काढिलेली. मागल्या आसास पट्टा लाविला होता आणि पट्ट्याने मोठे लाकडी पिंप गरगर फिरत होते, त्यात सबंध गावच्या चादरी घुसळत होत्या. मखमलीची बैठक काढोन बाईंनी चुलीपाशी मांडिली होती, तीवर मांजर निजले होते. इंगवल्डाने मोटारीस हात लाविला, आणि कपाळ टेकिले, आणि मोठ्याने रडो लागला, आणि रडता रडता हसो लागला. बाई घाबरोन बोलल्या, "अहो, कोण तुम्ही? बरे नाही का?" त्याने सारी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "बाई, ही मला न्यायची आहे. हिचे ब्रेक धड नाहीत." टॅबिथाबाईंनी कंबरेस हात दिले. "ब्रेक? माझ्या पिंपाला ब्रेक कशाला हवेत? ही मोटार जन्मात छपरीबाहेर जायची नाही. नेऊन तर पाहा!" इंगवल्डाने बहुत विचार केला. मग पाना मागोन घेतला, मोटारीखाली शिरला, चारही ब्रेक उतरविले, आणि पिशवीत घालोन बोलिला, "आता ही मोटार नव्हे. आता हे धुण्याचे यंत्र. यावर माझी काही तक्रार नाही." बाईंनी त्यास गरम सूप दिले, मांजर उठवोन मखमलीवर बसविले, आणि तो हातात वाडगा तैसाच धरोन झोपी गेला. सायंकाळी क्लेटस खेचरावरोन सुखरूप आला, तो पाहुण्यास जागे करावयास बाईंनी मना केले.

इंगवल्ड परतला तेव्हा एझ्रासाहेब स्वतः स्टेशनावर आले होते, काठी टेकीत. त्याने पिशवी उघडोन ब्रेक दाखविले. साहेबांनी बोटाने मोजिले, चार, आणि पुसिले, "माणसे?" तो बोलिला, "सारी आहेत, धनी." साहेब तेथेच हमालाचे पेटीवर बसले, दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाले, "चल, काही खाऊ. महिनाभर मला कशाची चव लागली नाही."

ऐसा हा प्रसंग निभावला. पुढे मोठे ब्रेक सिद्ध जाहले आणि चौथी मोटार वैशाखात पुन्हा निघाली, शेजारच्या मोटारीइतकी खपली नाही, परंतु दरवाज्यास कुलूप लागले नाही. दोन हजार माणसांस काही मास अर्धे काम मिळाले, मग पुरते मिळाले. मर्व्हिन दिवाण पुढे इंगवल्डावाचोन मसलत करीनात. या राज्याच्या दप्तरी ज्या वर्षी मोटारी फार खपल्या त्या वर्षांच्या हकीकती बहुत आहेत, जाड आहेत, सोनेरी पुठ्ठ्याच्या आहेत. प्रमोद संवत्सराविषयी मात्र तेथे एकच ओळ सापडते की, या साली घाटात कोणी मनुष्य दगावला नाही. ती ओळ लिहिता यावी म्हणोन काय काय करावे लागले, ते येथे लिहिले. लेखनसीमा.