तानबाजीभाऊंची मशीन

पोंभुर्ण्याला तानबाजीभाऊंकडे गेलं की ते दारातच तोंडावर बोट ठेवत. "हळू बोला गुरुजी. मशीन विचार करून राह्यली."

आत स्टुलावर बुद्धिबळाची मशीन असायची, भाच्याने दुबईहून आणलेली. सोंगटी घरावर दाबली की ती टुंग करायची आणि कडेचे लाल दिवे लावून स्वतःची चाल सांगायची. लाकूड डेपोत कारकुनी करताना भाऊंनी साहेबालाही इतका मान दिला नसेल.

माणसांशी खेळणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. "मानूस चाल वापस घेते, मशीन घेत नाई," हे त्यांचं पालुपद. खरं तर चाली मागे घ्यायचे ते स्वतः, आणि वर समोरच्याची अक्कल काढायचे. गावातले सगळे खेळणारे त्यांनी असे पळवून लावले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि मला सोल्डरिंग यायचं, म्हणून मी त्यांचा हक्काचा मेकॅनिक झालो. एकदा अवकाळी पावसाचं पाणी मशीनमध्ये शिरलं. भाऊंनी ती उघडली आणि अंगणात मोहफुलं वाळत घातली होती तिथेच, फुलांशेजारी ठेवली. "मोह वाळते तं मशीन काऊन नाई वाळनार?" वाळली की! पण मोहाच्या गोडीने आलेल्या लाल मुंग्या आत मुक्कामाला राहिल्या. संध्याकाळी बटण दाबलं तर कुणी हात न लावता टुंगटुंग सुरू. भाऊ हरखले. "पाहा, एकटीच खेळून राह्यली!" मी ब्रशने मुंग्या झाडल्या तर माझ्यावरच नाराज झाले.

त्यानंतर दर रविवारी काही ना काही बिघडायचंच. मी स्क्रू काढत बसायचो आणि भाऊ मला जुने बिघाड सांगायचे. कोणत्या पावसाळ्यात कोणतं घर बंद पडलं, सेल कधी फुटले, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाचं साल मात्र विचारून घ्यावं लागे. काळ्या चहाचे तीन कप होईतो ते मला उठू देत नसत.

मग माझी बदली भामरागडला झाली. पावसात तिकडचा रस्ताच बंद. जाण्याआधीच्या रविवारी भाऊंचा निरोप आला, मशीन बंद. उघडून पाहतो तर एक तार तुटलेली, अगदी सरळ रेषेत.

"उंदीर," भाऊ म्हणाले.

मी उंदरांना शिव्या घालत डबल सोल्डरिंग केलं, वर टेप गुंडाळली. "भाऊ, आता दहा वर्षं बघायला नको!"

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे बिघडनारच नाई?"

"नाही."

"मंग तुम्ही कायले येसान?"

तेव्हा कुठे माझं लक्ष खिडकीतल्या दाढीच्या पात्याकडे गेलं. तारेच्या प्लास्टिकचा लाल कपटा त्याला अजून चिकटलेला होता. मला बोलावता यावं म्हणून हा खडूस माणूस आपली लाडकी मशीन स्वतःच्या हाताने कापत होता. आणि इतक्या वर्षांत मी एकदाही नुसता भेटायला म्हणून आलो नव्हतो. फार लाज वाटली.

मी मशीनचं बटण बंद केलं. "भाऊ, मला खेळायला शिकवा. दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा खेळू."

"तुमच्याच्यानं होनार नाई गुरुजी," ते म्हणाले आणि पांढऱ्या सोंगट्या माझ्या बाजूला मांडायला लागले.