सासऱ्यांची गाठ आणि तीन कबुतरं

"आज साडेचार वाजता तुझे बाबा खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवणार!" तुर्दाकुननं आरशासमोर मिशीला पीळ देत जाहीर केलं. "लिहून ठेव!"

"खुर्ची मोडकी असेल तर उठतीलही," त्याची बायको आसिल त्याच्या कोटाच्या आत शेवटचा टाका घालत म्हणाली.

कोक-जार गावच्या सांस्कृतिक भवनानं थोर कलावंतांसाठी खास रंगभूषेची खोली दिली होती. तिच्यात एरवी झाडू आणि निवडणुकीच्या पेट्या ठेवत. बाहेर भिंतीवर फलक झळकत होता : 'मॅजिस्टर तुर्दानी यांचं आंतरराष्ट्रीय मायाजाल मंडळ'. तुर्दाकुनचा तुर्दानी कसा झाला ते त्यालाच ठाऊक, पण आंतरराष्ट्रीय हा शब्द खोटा नव्हता. मंडळाची गाडी एकदा सीमा ओलांडून कझाकांकडं जाऊन आली होती. टायर आणायला.

मंडळात माणसं तीन. तुर्दाकुन जादू करायचा. आसिल खेळ लिहायची, कपडे शिवायची, मंचावर ठरल्या ठिकाणी हसायची आणि रोज करवतीनं कापून घ्यायची. तिसरा मुकाश. पेट्या बनवणं, दिवे लावणं, गाडी चालवणं, सगळं त्याच्याकडं. शिवाय गेल्या महिन्यापासून त्याला बढती मिळाली होती. कापायच्या पेटीतून जे पाय बाहेर दिसतात, ते आसिलचे नसतात. ती पेटीच्या पुढच्या अर्ध्या भागात गुडघे पोटाशी घेऊन बसते आणि मागच्या अर्ध्यात दुसरंच कुणी आडवं असतं. हे काम करणारी मुलगी लग्न करून ओश शहराला निघून गेली आणि पायांची जागा रिकामी झाली. मुकाशनं दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी पायांवर वस्तरा फिरवला आणि लाल मोजे चढवले.

आणि तीन पांढरी कबुतरं. त्यातली पेरी सगळ्यांत लहान आणि तुर्दाकुनची लाडकी. आसिलला ताप आला तर तो औषध आणायचा. पेरीला शिंक आली तर तो जेवायचा नाही.

कोक-जार हे आसिलचं माहेर. तिचे वडील ओरोझाली बाबा पंचेचाळीस वर्षं जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी तालुक्यातला प्रत्येक घोडा निदान एकदा तरी आडवा पाडून तपासलेला. बावीस वर्षांपूर्वी लेकीनं जादूगाराशी लग्न केलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "काम काय करतो?" तेव्हापासून जावयाला त्यांनी नावानं हाक मारली नव्हती. "कबूतरवाल्या, मीठ दे इकडं." बस्स. बावीस वर्षांत मंडळ सगळीकडं हिंडलं, पण या गावात खेळ लावायची तुर्दाकुनची छाती झाली नव्हती. आज झाली होती.

"ऐका ना," आसिलनं कोटाच्या अस्तरातले तीन कप्पे चाचपून पाहिले. "पाखरं आत्ताच भरू नका. गाव माहेरचं आहे. जावई पहिल्यांदा मंचावर उभा राहणार म्हटल्यावर कोटावरून मानाचा चापान, तो जाड अंगरखा, घालतील. आधी ते उरकू दे."

"चापान? तुझे बाबा? मला?" तुर्दाकुन पोट धरून हसला. "बावीस वर्षांत त्या माणसानं मला चहाचा वाडगासुद्धा नीट हातात दिला नाही. जमिनीवर ठेवतात आणि पायानं सरकवतात! आधी मी कबुतरं काढणार, मग ते रडणार, मग माफी मागणार. चापानबिपान नंतर. भर गं पाखरं!"

आसिलनं भरली. बावीस वर्षं संसार केलेल्या बाईला कुठं वाद घालायचा आणि कुठं नाही हे बरोबर कळतं. कप्प्यांत कबुतरं सात मिनिटं गुपचूप बसतात. आठव्या मिनिटाला तक्रार सुरू होते. तुर्दाकुनला मंचावर जाऊन रुमाल झटकायला दोनच मिनिटं लागणार होती.

पडदा उघडला. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध ओरोझाली बाबा, काठीवर दोन्ही हात, डोक्यावर पांढरी लोकरी टोपी. चेहरा आजारी बैलाकडं बघावं तसा. तुर्दाकुननं रुबाबात रुमाल उंच धरला.

"थांबा, थांबा!" गावचे प्रमुख मंचावर चढले. त्यांच्यामागून दोन म्हाताऱ्या एक गाठोडं घेऊन आल्या. "आधी मानपान! आपल्या गावच्या जावयाला चापान घालायला मी आपल्या सगळ्यांच्या वडीलधाऱ्या ओरोझाली बाबांना बोलावतो!"

तुर्दाकुनच्या तोंडचं पाणी पळालं. कारण बाबा खरोखर उठले! खुर्ची मोडकी नव्हती. ते काठी टेकत वर आले, गाठोड्यातून गुडघ्याखाली पोचणारा, रजईसारखा जाड, निळा मखमली अंगरखा काढला आणि जावयाच्या खांद्यावर टाकला. ज्या क्षणाची त्यानं बावीस वर्षं वाट पाहिली, तो क्षण आला आणि तुर्दाकुन मनातल्या मनात मोजत होता : दोन मिनिटं, वीस सेकंद.

"हात घाल," बाबा म्हणाले.

"बाबा, मी काय म्हणतो, खेळ झाल्यावर..."

सभागृहात कुणीतरी खोकलं. वडीलधाऱ्यांनी दिलेला चापान नको म्हणणारा माणूस कोक-जारमध्ये अजून जन्मला नव्हता. तुर्दाकुननं हात घातले. बाह्या बोटांच्या पुढं वीतभर लोंबत राहिल्या. मग बाबांनी कमरेला पट्टा आवळला आणि त्याची गाठ मारली. साधीसुधी नाही, नाठाळ घोड्याला खांबाला बांधताना मारतात ती! ती गाठ घोड्याला सुटत नाही, घोड्याच्या मालकालाही सुटत नाही. फक्त मारणाऱ्यालाच सुटते.

त्यानंतर भाषणं झाली. प्रमुख कलेवर बोलले. शाळेच्या मुख्याध्यापकांना कलेवर आणखी बोलायचं होतं. मग बाबा बोलले. जावयाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, पण एका शिंगराच्या पोटदुखीचं वर्णन त्यांनी इतकं बारकाईनं केलं की मागच्या रांगेत दोन बायकांनी डोळे पुसले. अकरा मिनिटं. आतल्या डाव्या कप्प्यात धडपड सुरू झाली. उजव्या कप्प्यातून 'घुं' आलं. तुर्दाकुननं जोरात खाकरून ते झाकलं.

"तब्येत बरी आहे ना?" प्रमुखांनी विचारलं.

"भरून आलंय," तुर्दाकुन म्हणाला. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

सगळे खाली जाऊन बसले तसा तो आसिलच्या कानाशी लागला. "पाखरं आत आहेत!"

"मला माहीत आहे. मीच भरली."

"गाठ सोड ना!"

"बाबांची गाठ?" आसिलनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं डोंगर सरकवायला सांगितला होता. "आणि सुटली तरी मंचावर चापान उतरवणार तुम्ही? बाबांच्या डोळ्यांदेखत? मग मला काय तोंड राहिलं माहेरी? सरळ पेटीचा खेळ घ्या. मी आत गेले की पडद्यामागं जा. मुकाश चापानाखालून हात घालून अस्तर कापेल आणि पाखरं काढेल."

झकास बेत होता. पेटी आली, आसिल आत शिरली, झाकण बसलं, दुसऱ्या टोकाला लाल मोज्यांतले पाय डुलू लागले आणि तुर्दाकुनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुकाश पडद्यामागं नव्हताच! आसिल आत गेल्यावर कात्री चालवायला उरलेला एकमेव माणूस उंच टाचांचे बूट घालून त्याच्यासमोर आडवा होता.

आता करवत चालवण्यावाचून इलाज नव्हता. बाहीच्या टोकात करवत धरून तुर्दाकुननं ती पेटीवर टेकवली मात्र, खालून आवाज आला.

"अगं बाई! खरंच कापतोय की हा मेला!"

आसिलची बूबुश मावशी मंचावर चढत होती. हातात जाड लोकरी मोजे.

"मावशी, खाली बसा, खेळ चाललाय."

"चालू दे! मी काही म्हणते का? काप तू तुझं. पण पोरगी उघड्या फळ्यांवर, पायांत हे कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी घालून पडलीय! गारठा पायातून वर चढतो आणि कमरेत जाऊन बसतो. आसिल, हाललीस तर बघ!"

"मावशी, नको!" पेटीच्या पुढच्या टोकातून आसिल ओरडली.

"गप्प बस. लहानपणापासून अशीच." मावशीनं डावा बूट खेचून काढला आणि लाल मोजा सर्रकन उतरवला. मग ती तशीच थबकली. तिनं पाऊल हातात धरून उलटं केलं, सुलटं केलं.

"आसिल," मावशी गहिवरून म्हणाली, "काय गं ही तुझ्या पायांची दशा! भेगा बघ! आणि हे काय... केस?" ती तुर्दाकुनकडं वळली. "मेल्या, काय काम करून घेतोस आमच्या पोरीकडून?"

आणि तिनं लोकरी मोजा चढवण्यासाठी तळव्याला बोट लावलं. मुकाशला गुदगुल्या सहन होत नाहीत, ही गोष्ट मंडळात कुणीच कधी विचारली नव्हती. आतून एक घोगरी किंचाळी आली, लाथ बसली, पेटीच्या फळ्या दोन बाजूंना कोसळल्या आणि कोक-जार गावानं पाहिलं : एका बाजूला पोटाशी गुडघे घेऊन बसलेली आपली आसिल, दुसऱ्या बाजूला मिशाळ मुकाश, एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात अर्धवट चढवलेला लोकरी.

लोक इतके हसले की छपराची धूळ खाली आली. मावशीनं मात्र मुकाशला नीट न्याहाळलं आणि उरलेला लोकरी मोजाही त्याच्या हातात दिला. "घाल बाळा. तुलाही कंबर आहेच की."

तुर्दाकुनला हसू ऐकू येत नव्हतं. आतली धडपड थांबली होती. डावीकडची नाही, उजवीकडची नाही. मधली. मधल्या कप्प्यात पेरी होती.

"गाठ सोडा!" तो ओरडला आणि त्याचा आवाज फाटला. "बाबा, गाठ सोडा! माझी पेरी!"

ओरोझाली बाबा तोवर मंचावर पोचलेच होते. पंचेचाळीस वर्षं जनावरांची पोटं चाचपलेला माणूस जावयाच्या छातीकडं मघापासून रोखून बघत होता. त्यांनी चापानावर पंजा ठेवला. "दोन ठिकाणी धडधडतंय. तिसरीकडं नाही." एका झटक्यात गाठ सुटली. एका हातानं चापान, दुसऱ्यानं कोट. दोन कबुतरं फडफडत दिव्यांकडं गेली. तिसरं तुर्दाकुनच्या ओंजळीत आलं. मान लुळी.

मॅजिस्टर तुर्दानी मंचाच्या मधोमध मांडी घालून बसला आणि लहान पोरासारखा रडला. लाज वाटायला वेळच नव्हता.

"बाजूला हो. हवा अडवतोस," बाबा म्हणाले. त्यांनी पेरीला तळहातावर उताणं घेतलं, अंगठ्यानं छातीवर हळूहळू चोळलं, चोचीवर फुंकर घातली, पुन्हा चोळलं. तीनशे माणसं श्वास रोखून बघत होती. मागं एक बाळ रडायला लागलं तसं आईनं त्याला सरळ बाहेर नेलं. मग पेरीचा एक पाय हलला. मग डोळा उघडला. मग ती उठून बसली, बाबांच्या हातावर घाण केली आणि उडून थेट त्यांच्या टोपीवर जाऊन बसली.

सभागृह फुटायचं बाकी राहिलं! लोक उभे राहिले, पाय आपटले, शिट्ट्या मारल्या. "बाबा! बाबा! बाबा!" आणि सगळ्यांत जोरात, डोळे पुसत, दोन्ही हातांनी टाळ्या कोण वाजवत होतं? तुर्दाकुन. उभं राहून.

दिवेलागणीला सासरी जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलं. बाबांनी चहाचा वाडगा भरला. तो जमिनीवर ठेवला नाही, जावयाच्या हातात दिला.

"पाखरं चांगली राखलीस," ते म्हणाले. "पिसं स्वच्छ आहेत. पोटं भरलेली आहेत."

तुर्दाकुनला चहाचा ठसका लागला. आसिलनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"ती जादू मात्र काही खरी नाही," बाबांनी पुढं जोडलं आणि ब्रेड मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावच्या सांस्कृतिक भवनाचा फोन आला. खेळाची बातमी रात्रीत डोंगर ओलांडून गेली होती. पाखराला जिवंत करणारा तो म्हातारा असेल तर या, म्हणाले. नसेल तर सावकाश कधीतरी या. करवतीचं विचारलं नाही, पण लोकरी मोज्यावाला माणूस आणा असा निरोप होता. तुर्दाकुन हे सांगायला अंगणात आला तर ओरोझाली बाबा गाडीत बसलेसुद्धा होते. पुढच्या जागेवर. अंगावर निळा चापान. "जावयाला मीच घातला होता, आता मीच अंगात घातला तर बिघडलं कुठं?" असं त्यांनी आसिलला समजावून झालं होतं.

आसिल मधे बसली, मुकाशनं लोकरी मोज्यांसकट चाक हाती घेतलं. तुर्दाकुन मागं, पेटीच्या फळ्या आणि कबुतरांचा पिंजरा यांच्या फटीत. गाडी निघाली. घाट सुरू झाला तेव्हा कुठं त्याला खरी अडचण सुचली.

"बाबा," तो फळीआडून म्हणाला, "पण पेरी रोज रोज बेशुद्ध कशी पडणार? तिला मी आता कप्प्यात घालणार नाही हं. कधीच नाही."

"घालू नकोसच! घातलीस तर तुलाच खांबाला बांधीन," बाबा मागं न बघता म्हणाले. "काहीतरी काढ डोक्यातून. जादूगार तू आहेस ना?"

बावीस वर्षांनी! तुर्दाकुननं 'जादूगार' हा शब्द पेरीलाही ऐकवला, मुकाशला दोनदा ऐकवला. पुढची जागा त्याची होती, ही गोष्ट त्याला थेट दुसऱ्या दिवशी दुपारी आठवली.