म्हणजे कोचचे किती दिवस?

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात कुणी नवी गाडी घेतली, की मेश्रामकाका किंमत ऐकून विचारायचे, "म्हणजे कोचचे किती दिवस?" मग स्वतःच हिशेब करून सांगायचे, "आठवडाभर शिट्टी वाजवली की आली गाडी!" पेढे वाटणाऱ्याचं तोंड तिथल्या तिथे उतरायचं.

काका मूळचे नागपूरचे. मी पीएचडी करत होतो त्याच युनिव्हर्सिटीत ते संख्याशास्त्र शिकवायचे. नव्वदच्या सुमाराला आमच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या कोचचा पगार काकांच्या दुप्पट होता. तेवढं काकांना मान्य होतं. "उन्हातान्हात उभा राहतो बिचारा," म्हणायचे. पण पगार दरवर्षी फुगत गेला. टीव्हीवर बोलायचे पैसे वेगळे, रेडिओवर बोलायचे वेगळे. पुढे बुटांची कंपनीही पैसे देऊ लागली, तेव्हा मात्र काकांचा तोल गेला.

"मी काय अनवाणी शिकवतो का बाप्पा?" सगळे आपापला पदार्थ घेऊन जमलेले, त्या भर पॉटलकमध्ये ते कडाडले. "मला एक स्लीपर तरी द्या कुणी!"

आणि तरीही शनिवारी मॅच असली, की काका घरामागच्या लाकडी डेकवर रेडिओ लावून बसत. शेजारच्या खुर्चीत शीलाकाकू उकडलेल्या शेंगा सोलत. खेळाचे नियम दोघांनाही धड कळत नसत. कोचचा डाव फसला की काका रेडिओवर ओरडत, "घे, पगार घे!" काकू शांतपणे म्हणत, "अहो, त्याला ऐकू जातंय का?" फार सुखाच्या दुपारी होत्या त्या. कितीदा तरी मी नुसता शेंगांसाठी तिथे जाऊन बसायचो.

मग काकू गेल्या. आम्ही मराठी घरांनी पाळीपाळीने काकांकडे डबा पोचवला. पुढच्या सीझनला रेडिओ पुन्हा सुरू झाला, पण काकूंच्या खुर्चीत काका कुणाला बसू देत नसत. ओरडणंही बंद झालं होतं.

त्याच सीझनला टीम सारखी हरत गेली आणि कोचला मध्येच काढून टाकलं. करारातले उरलेले सगळे पैसे त्याला घरबसल्या मिळणार होते. आता काका आभाळ डोक्यावर घेणार, म्हणून मी मुद्दाम गंमत बघायला गेलो. काका स्वयंपाकघरात एडिसनच्या देशी दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापत होते. शेजारी पिठलं रटरटत होतं.

"गाडी काढ," ते म्हणाले. "कोचकडे जायचंय."

"अहो काका, त्याला काही न करता पगार मिळणारे!"

"मिळू दे ना. पण शनिवारी दुपारी तो करेल काय?"

मी गाडीची किल्ली उचलली.

दार कोचनेच उघडलं. कुणीतरी भांडायला आलंय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकांनी डबा पुढे केला आणि इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे दुःखाच्या घरी शेजारी जेवण आणतात. कोचने डबा दोन्ही हातांनी घेतला.

पुढच्या शनिवारी मी डेकवर गेलो, तर डबा परत करायला आलेला कोच काकूंच्या खुर्चीत शेंगा सोलत बसला होता. रेडिओवर नव्या कोचचा डाव फसला आणि काका कित्येक महिन्यांनी ओरडले, "घे, पगार घे!"

कोचला मराठी कुठून कळणार? शेंगेवरची नजर न काढता तो म्हणाला, "प्रोफेसर, ही कान्ट हिअर यू."

काकांनी एकदम वळून त्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी शेंगांचं ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं.