तळटाकीतली रिकामी जागा

‘तळटाकी गरजेपेक्षा मोठी ठेवल्यामुळे महाविद्यालयाच्या इमारतीत खारे पाणी पसरले,’ असा निष्कर्ष चौकशी समितीने आपल्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर नोंदवला आहे. भांडे मोठे असल्यामुळे पाणी सांडते, हा सिद्धांत मान्य केला तर घरोघरचे रांजण हलवून तेथे वाट्या मांडाव्या लागतील. समितीने इतक्या दूरचा विचार केला नसावा. समिती एकसदस्यीय होती आणि ते सदस्य उपप्राचार्य बबनराव होते. त्यामुळे निष्कर्ष एकमताने निघाला.

ज्यांच्यावर ठपका ठेवला गेला, त्या डॉ. लीना भोयर प्राणिशास्त्राच्या अध्यापिका. त्यांचा परिवीक्षा काळ त्याच महिन्यात संपत होता. अहवाल जसाच्या तसा स्वीकारला गेला असता, तर सेवेत कायम केल्याच्या आदेशाऐवजी त्यांच्या हाती नारळ पडला असता.

वर्ध्याला समुद्र नाही, हे बबनरावांनी समुद्री माशांच्या टाकीविषयीच्या पहिल्याच बैठकीत निदर्शनास आणून दिले होते. लीनाबाईंचे म्हणणे असे, की म्हणूनच तो आणावा लागेल. मुले तीन वर्षे प्रवाळाच्या आकृत्या काढतात आणि पदवी घेऊन जातात, पण जिवंत प्रवाळ एकानेही पाहिलेला नसतो. प्राचार्यांना हे पटले. पहिल्या मजल्यावरच्या दालनात साडेआठशे लिटरची काचेची टाकी मंजूर झाली, आणि तिच्या खालच्या कपाटात तीनशे लिटरची तळटाकी.

“खालची टाकी कायले पाह्यजे?” बबनरावांनी आराखड्यावर बोट ठेवले. “मासोया तं वरच राह्यतीन ना?”

“सर, गाळण्या आणि पंप खाली असतात. वरचं पाणी काठावरून पाइपातून खाली येतं, गाळलं जातं, आणि पंप ते परत वर नेतो.”

“बरं. मंग तीनशे लिटरच्या टाकीत एकशेनव्वदच लिटर काऊन दाखवून राह्यल्या?”

“लाइट गेली की पंप बंद पडतो. पण वरचं पाणी काठाच्या खाली जाईपर्यंत उतरतच राहतं. ते ऐंशी लिटर भरतं. त्याला खाली जागा नको का?”

“म्हंजे ती जागा रिकामीच ठेवाची?”

“हो सर.”

“रिकामीच ठेवाची हाय, तं मंग बनवताच काऊन, बाप्पा?”

या प्रश्नाला जलशास्त्रात उत्तर आहे. उपप्राचार्यांच्या दालनात नव्हते. लीनाबाईंनी आराखडा गुंडाळला.

नळजोडणीचे काम प्रेमदास प्लंबरने केले. त्याचा हात सफाईदार होता आणि अडचण त्या सफाईतूनच उद्भवली. पाणी वर नेणाऱ्या पाइपाला, वरच्या टाकीतील पातळीच्या किंचित खाली, लीनाबाईंनी एक बारीक भोक पाडून घेतले होते. पंप थांबला की त्या भोकातून हवा शिरावी आणि पाइपाने उलटे पाणी ओढू नये, एवढाच त्याचा उद्देश. दुसऱ्या दिवशी पाहतात तो भोक गायब.

“प्रेमदासभाऊ, इथलं भोक कुठे गेलं?”

“बुजवलं ना मॅडम! एम-सील लावलं. मस्त बसलं, पत्ताच लागत नाई.”

“ते मी मुद्दाम पाडायला लावलं होतं!”

“मालूम हाय. पन मॅडम, उद्या कोनी पाह्यलं तं म्हनन, प्रेमदासनं फुटका पाइप लावला. वीस साल झाले, माह्या पाइपाले भोक नाई राह्यलं.”

“याला राहू द्या. लागलं तर बाजूला माझं नाव लिहा.”

त्याने खरोखरच पाइपावर ‘भोयर मॅडमच्या सांगण्यावरून’ असे लिहिले आणि मगच पुन्हा भोक पाडले. यानंतर लीनाबाईंनी तीनदा पंप बंद करून पाहिला. तिन्ही वेळा पाणी उतरले, तळटाकी भरत आली आणि काठाच्या चार बोटे खाली थांबली. तिन्ही नोंदी वहीत तारीखवार आहेत. नागपूरहून आणलेले दोन नारिंगी मासे आणि मुठीएवढे प्रवाळ महिनाभरात टाकीत रुळले. खारेपण समुद्राइतकेच, दर हजारी पस्तीसवर स्थिर होते. खिडकीजवळच्या नळाला त्या साऱ्यात काहीच काम नव्हते, कारण प्रवाळाला नळाचे पाणी मानवत नाही.

उद्‌घाटन एप्रिलमधल्या एका मंगळवारी, अकरा वाजता ठरले. लीनाबाई सकाळपासून पाहुण्यांच्या स्वागतात गुंतल्या होत्या. तळटाकीचे कपाट बंद होते आणि त्याच्या दारांवर झेंडूची माळ आडवी बांधलेली होती. पाहुण्यांनी फीत कापली, मासे पाहिले, “वा” म्हटले, आणि सगळे खाली प्राचार्यांच्या दालनात चहाला बसले. बबनराव आभार मानायला उभे राहिले. त्यांनी तेरावे नाव घेतले आणि वीज गेली.

पाच मिनिटांनी पाहुण्यांनी चहाचा घोट घेतला व कप दूर धरला. “इकडे चहात मीठ टाकतात का?”

प्राचार्यांनी वर पाहिले. छतातून दुसरा थेंब सुटला, तो त्यांच्या चष्म्यावर आला.

लीनाबाई जिन्यावरून धावल्या. कपाटाच्या फटीतून पाणी वाहत होते आणि झेंडूच्या पाकळ्या तरंगत दाराबाहेर निघाल्या होत्या. त्यांनी आधी पाणी पुसले नाही, खारेपण मोजले. साडेएकतीस.

बबनरावांची चौकशी समिती दुपारी स्थापन झाली आणि संध्याकाळी निष्कर्षाला पोहोचली. “इतकं पानी मावनारी टाकीच नसती,” ते म्हणाले, “तं इतकं पानी सांडलं कुठून असतं?”

लीनाबाईंना खुलाशासाठी सात दिवस मिळाले. त्यांनी एका पानात खुलासा दिला. टाकी गळली तर पाणी कमी होते, खारेपण कमी होत नाही. ते साडेतीनने उतरले, याचा अर्थ कोणीतरी टाकीत शंभराहून अधिक लिटर गोडे पाणी ओतले. म्हणजे जी जागा रिकामी ठेवली होती, नेमकी तेवढीच भरली गेली. सबब, त्या सकाळी दालनात गेलेल्या प्रत्येकाचे बयान घ्यावे.

कार्यालयातील लिपिक रक्षा गावंडे यांनी किल्ल्यांची वही काढली. मंगळवारी सकाळी एकच सही होती.

“सर, तुमचं बयान घ्या लागते,” त्या बबनरावांना म्हणाल्या.

“माह्यं? मी तं अध्यक्ष हावो.”

“हो सर. पन किल्ली तुमच्याच नावावर हाय. तुम्ही बोला, मी लिहून घेतो.”

बबनराव जरा सावरून बसले. वर्ध्यात उन्हाळ्याच्या दिवसांत नळ एक दिवसाआड येतो आणि तो आला की घरातली घागर, बादली, पातेली, लोटा सारे भरून ठेवल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. त्या शिस्तीत साठ वर्षे काढलेल्या माणसाला लपवण्यासारखे काही वाटले नाही. उलट, आपल्या कामाची दखल उशिरा का होईना घेतली जात आहे, असाच त्यांचा चेहरा होता. त्यांनी सांगितले, रक्षाबाईंनी लिहिले, त्यांनी वाचून सही केली.

प्राचार्यांनी ते बयान दोनदा वाचले. मग अहवालाचे तिसरे पान बाजूला काढले, लीनाबाईंना कायम करण्याच्या आदेशावर सही केली आणि बयान फाईलला जोडायला सांगितले. ते असे आहे:

“मी सकाळी माळ बांधाले गेलतो. कपाट उघडून पाह्यलं तं मॅडमनं टाकी अर्धवट ठेवलेली. नळ आलता, प्रेशरबी चांगलं होतं. टाकी रिकामी राहन अन नळ चालला जाईन, हे माह्यानं पाह्यवत नाई. मीच पाइप लावला अन काठोकाठ भरली. अन हे बी लिहून घ्या, भरताना एक थेंब खाली सांडू देल्ला नाई.”